रडणाऱ्याची घळ

स्टेशन, खिंड
४ फेब्रुवारी १९८१

अपा,

मी खड्ड्यात छातीपर्यंत उतरले होते, तेव्हा जोल्चूने वरून हाक मारली आणि तुमचं पत्र माझ्या अंगावर टाकलं. बर्फ काढायचं यंत्र रस्त्यावर चालूच ठेवून आला होता, थांबायला तयार नव्हता. मी हातमोजा दातांनी ओढला आणि तिथेच उभ्याने वाचलं.

सासू म्हणून तुम्ही विचारता, आमची सून वर काय करते. या स्टेशनात बर्फ कुठे कोसळेल ते बघतात, त्यासाठी खड्डे खणते. बर्फाची भिंत सरळ कापायची आणि थर तपासायचे, तुम्ही लोकरीच्या नमद्याच्या घड्या तपासता तसे. यंदा वरचे थर घट्ट आहेत, बोट आत जात नाही. तळाशी, जमिनीलगत, वीतभर थर जाड्या साखरेसारखा झाला आहे. मुठीत दाबला तर गोळा होत नाही, बोटांमधून गळतो. नोव्हेंबरात पातळ बर्फ पडला, मग महिनाभर कोरडी थंडी, त्यात तो असा पिकला. आता त्याच्यावर सगळा हिवाळा बसला आहे. हा थर एप्रिलपर्यंत जायचा नाही. ज्या उतारावर तो आहे, त्या उतारावर माणसाचं वजनही जास्त होऊ शकतं.

दुसरं तुम्ही विचारलंत ते भाऊजींचं. भाऊजी चांगले आहेत. मी घरात आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. मी त्यांच्या डोक्यातल्या उवा काढल्या आहेत. त्यांच्याशी लग्न मला जमणार नाही.

आता लपवत नाही. एशिम नावाचा माणूस आहे, तलासचा. भूगर्भवाल्यांच्या तुकडीत जमिनीला भोकं पाडायच्या यंत्रावर असतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे तंबू आमच्या स्टेशनाखाली होते. मार्चमध्ये आम्हाला तालुक्याच्या कचेरीत नाव नोंदवायचं आहे. पण मला तुमच्या दारातून निघायचं आहे, मागच्या भिंतीवरून नाही. तो तुमच्याकडे येईल, बसेल, विचारेल. तुम्ही हो म्हणा.

घरातल्या थोरल्यांच्या कबरीला माझा सलाम सांगा.

नासिपा


तोगुझ-बुलाक
९ फेब्रुवारी

नासिपा,

लिहायला मी चाळिशीत शिकले. अक्षरं मेंढरांसारखी पांगली असतील तर हाकून घे.

साखरेचं वाचून हसू आलं. इथे दुकानात तीन आठवडे साखर नाही, आणि तुझ्या डोंगराखाली वीतभर.

माझ्या एका पोराला बर्फाने नेलं. तू काय केलंस, तर बर्फाच्याच घरी नांदायला गेलीस. दोन वर्षं मी वाट पाहिली. म्हटलं, रडून झालं की उतरेल. ही उतरते आहे ती थेट तलासला. लांडगेघळीकडे मी अजून पाठ करून बसते, तुला ठाऊक असेल. दारातली बाजसुद्धा फिरवून घेतली आहे.

शेरमातला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "आई, वहिनी नको म्हणते तर सोड ना." मी म्हटलं, "तू गप. तुला कुणी विचारलं?" गाढव आहे, पण माझं आहे.

एक मात्र कबूल करते. पत्रातसुद्धा तू माझ्या म्हाताऱ्याचं नाव लिहीत नाहीस. जाऊन सहा वर्षं झाली त्याला. हल्लीच्या सुना सासऱ्याच्या नावाने खुशाल हाका मारतात, दीर तर त्यांच्या लेखी शाळेतला मित्र. माझ्या म्हाताऱ्याचं नाव बोरुबाय, नावातच लांडगा, म्हणून तू आठ वर्षं लांडग्याला लांडगा म्हणाली नाहीस. रडणारा म्हणायचीस. आठवतं? दोन कोकरं नेली त्या दिवशी तू अंगणातून किंचाळत आलीस, "रडणारा आला, रडणारा आला!" शेजारची बुर्मा हात पुसत धावली, तिला वाटलं, पाहुणे तान्हं पोर घेऊन आले. तोवर लांडगा नाल्यापार. म्हातारा हसून हसून खोकला. म्हणाला, "कोकरं गेली, पण सून मिळाली."

येऊ दे तुझ्या तलासवाल्याला. माझ्या घरचा नान खाऊ दे.

उलकान


स्टेशन, खिंड
१४ फेब्रुवारी

अपा,

"माझ्या घरचा नान खाऊ दे" ही ओळ मी स्वयंपाकखोलीत मोठ्याने वाचली. आमचे स्टेशनप्रमुख पावेल इवानिच म्हणाले, "हे हो आहे की नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे याहून मोठं हो नसतं. त्यांनी मला दिवसभराच्या कामातून सुट्टी दिली आणि मी झोपले नाही, नुसती बसून राहिले.

एशिम २५ तारखेला संध्याकाळी तुमच्याकडे पोचेल. २६ ला, गुरुवारी, सकाळी स्की घालून वर येईल. रस्त्याने चाळीस किलोमीटरचा वळसा आहे आणि जोल्चूच्या यंत्रात माणूस बसवायला गेल्या वर्षापासून मनाई झाली आहे. म्हणून घळीतूनच यावं लागेल. गावाहून स्टेशनाला येणाऱ्या घळी दोनच. आम्ही त्यांना सात नंबर आणि आठ नंबर म्हणतो, पण ते आकडे गावात कुणाला कळायचे नाहीत. म्हणून गावच्या भाषेत लिहिते.

त्याला सांगा: रडणाऱ्याच्या घळीने येऊ नये. दुसऱ्या घळीने यावं.

का ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा मुलगा तिथेच गेला. पंधरा दिवस पश्चिमेचा वारा आहे. तो कड्यावरून बर्फ उचलून त्या घळीत टाकतो, आणि खाली सगळीकडे साखर आहे. दुसऱ्या घळीत मी काल खड्डा खणला. वाऱ्याने तिथला बर्फ झाडून नेला आहे, पोटरीएवढा उरलाय. आज तिथे निसटायला काही नाही. गुरुवारी दहा वाजल्यापासून मी त्या घळीच्या डोक्यावर उभी असेन.

रागावू नका अपा, पण हे मी लिहिलंय तसंच सांगा. निरोपात आपली माणसं आपले दोन शब्द घालतात. एकही शब्द बदलू नका. त्यापेक्षा वाचूनच दाखवा.

नासिपा


तोगुझ-बुलाक
१९ फेब्रुवारी

नासिपा,

मांस खारवून ठेवलं आहे. शेरमातला लाकडं फोडायला लावली, पाहुण्याची खोली तापवायला. निरोप वाचून दाखवीन, एकही शब्द बदलणार नाही. तू मला काय समजतेस ते मला कळलं.

एक विचारते. दोन वर्षं विचारेन म्हणत होते. कुबातला खाली आणलं तेव्हा तू म्हणालीस, झटक्यात गेला, कळलंही नसेल. त्याच्या तोंडावर बर्फाचा पत्रा होता, नाकापासून हनुवटीपर्यंत. पातळ, सायीसारखा. कपाळावर नव्हता, छातीवर नव्हता, फक्त तोंडावर. मी डोक्याच्या रुमालाने पुसायला गेले तर निघेना.

तो पत्रा कशाचा? आता तू शिकलेली आहेस. सांग.

उलकान


स्टेशन, खिंड
२२ फेब्रुवारी

अपा,

तुमचं पत्र मी दोन दिवस खिशात ठेवलं. न सांगणं बरं, असं वाटत होतं. पण आता आपल्यात लपवालपवी नको. तुम्ही एशिमसाठी दार उघडलंत, मी तुम्हाला खोटं कसं सांगू?

तो श्वासाचा बर्फ. माणूस गाडला गेला की श्वासाची वाफ समोरच्या बर्फाला लागते, तो वितळतो, परत गोठतो. पत्रा धरायला वेळ लागतो. म्हणजे ते काही वेळ जिवंत होते. किती ते सांगता येत नाही. पहिल्या पाव तासात काढलं तर बहुतेक माणसं वाचतात. त्यानंतर फार थोडी. त्यांना चौथ्या दिवशी काढलं. मी "झटक्यात" म्हणाले, तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं.

हे वाचून रडून घ्या. मीही रडले आहे. मग गुरुवार येईल.

एशिमला तळलेले बोर्सोक आवडतात. तो मागणार नाही, तुम्हीच पुढे करा.

नासिपा


तोगुझ-बुलाक
२६ फेब्रुवारी, दुपार

नासिपा,

तुझा एशिम काल संध्याकाळी आला. उंच आहे, कान मोठे. उंबऱ्यावर पाय न देता आत आला, कुणीतरी वळण लावलं आहे. बोर्सोक पुढे केले तर संपेपर्यंत थांबला नाही. मी म्हटलं, "तलासमध्ये खायला घालत नाहीत का रे?" म्हणाला, "घालतात अपा, पण समोर बसून बघत नाहीत." जीभ आहे पोराला. मला आवडला असता.

तुझ्यासाठी विचारलं. मी म्हटलं, "आधी पोच तर वर, मग बोलू." तो लाजला.

मग मी चष्मा लावला आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. रडणाऱ्याच्या घळीने येऊ नये, दुसऱ्या घळीने यावं. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं, पुन्हा वाचलं. एकही शब्द बदलला नाही. "तुमचा मुलगा तिथेच गेला" ही ओळ तेवढी वाचली नाही. ती माझ्यासाठी होती.

तो म्हणाला, "रडणाऱ्याची घळ कुठली, अपा?"

मी म्हटलं, "माझ्या सुनेने बजावलं आहे, पत्रात आहे तेवढंच सांगायचं. गावात विचार."

आज सकाळी त्याने गोठ्यापाशी मेंढपाळांना विचारलं. "इथे रडणारी घळ कुठली?" ते म्हणाले, "रडकी होय? ती उजवीकडची. वारा सुटला की रडते." तुला हे ठाऊक नसेल. उजव्या घळीला मेंढपाळ रडकी म्हणतात. तू खिंडीपलीकडची, सपाटीवरची, आणि सुनेला वरच्या वाटांची नावं कोण सांगतो. मी तीस वर्षं कळपामागे चालले. मला ठाऊक आहे.

त्याने टोपी काढून त्यांचे आभार मानले आणि डावीकडे वळला. लांडगेघळीत.

मी दारात होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्यावर होता. शेरमात म्हणाला, "आई, तो इकडून का चाललाय?" मी म्हटलं, "त्याला निरोप मिळाला आहे."

कुबातला कुणी निरोप दिला होता? तू माहेराहून कळवलंस, घ्यायला या, आणि तो निघाला. कुणीही म्हणालं नाही, या घळीने जाऊ नको, त्या घळीने जा. तुझं श्वासाच्या बर्फाचं पत्र मंगळवारी आलं. तेव्हापासून मी घड्याळ समोर ठेवून बसते. पाव तास किती लांब असतो ते तू कधी बसून पाहिलं आहेस का?

दहा वाजून गेल्यावर धडधड झाली. कुत्री उठली, पुन्हा बसली.

जोल्चू निघतोय. त्याच्याकडे हे देते.

उलकान


स्टेशन, खिंड
२७ फेब्रुवारी

लांडगेघळीत माणसं पाठवा. लांडगेघळीत. गावात असतील तेवढे पुरुष, फावडी, लोखंडी सळया. सळया नसतील तर युर्तीच्या तंबूच्या छताच्या काठ्या काढून आणा, त्या लांब असतात. वरून खाली एका रांगेत टोचत यायचं, दोन टोचण्यांमध्ये एक पाऊल.

काल दहा वाजल्यापासून मी आठ नंबरच्या डोक्यावर चहा घेऊन उभी होते. दहा वाजून दहा मिनिटांनी सात नंबर सुटली. मी आवाज ऐकला, घड्याळ पाहिलं, वहीत वेळ लिहिली. मनात आलं, बरं झालं, तो तिकडे नाही. तीन वाजेपर्यंत उभी राहिले. वाटलं, तुमच्या घरी पाहुणचार लांबला.

जोल्चू सहाला पोचला.

आज उजाडल्यापासून पावेल इवानिच आणि मी टोचतो आहोत. ढिगारा तुमच्या गावाएवढा आहे. एक स्की मिळाली, डावी. दोघांचं हे काम नाही. मी तुम्हाला काहीही म्हणत नाही. लांडगेघळीत माणसं पाठवा.

नासिपा


तोगुझ-बुलाक
१ मार्च

नासिपा,

माणसं नाहीत. मेंढ्या व्यायला लागल्या आहेत. पाव तासात काढलं तर वाचतात, हे तूच लिहिलंस, आणि तुझं पत्र मला आज मिळालं. कोकरं मात्र आज ओढून काढली तर आज जगतात. गावात मी कुणाला काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं तो वर पोचला आणि तुम्ही दोघं मजेत आहात.

तू लांडगेघळ लिहिलंस. एका पत्रात दोन-तीनदा. हात झडला नाही ना? एवढं सोपं होतं तर १४ तारखेलाच लिहायचं होतंस.

मला दोष देऊ नको. मी एक शब्द खोटा बोलले नाही.

बुधवारी, ४ तारखेला, शेरमात तुला न्यायला येतोय. सामान बांधून ठेव. तुझं तिथे आता काय आहे? तो तुला काही विचारणार नाही, त्याला काही माहीतही नाही, त्याच्याशी नीट वाग. तू रडलीस तर तोही रडेल, तसाच आहे तो.

त्याने कुठल्या घळीने यायचं ते कळव. नीट कळव, नासिपा. मला एकच उरला आहे.

उलकान


स्टेशन, खिंड
२ मार्च

अपा,

तुम्ही घळ विचारलीत. सांगते.

शेरमातने लांडगेघळीने यावं. ती सुटून गेली आहे. वरचा सगळा बर्फ साखरेसकट खाली आला, उतारावर गवत दिसतं आहे. तिथे आता सुटायला काही उरलेलं नाही. ढिगारा गोठून दगड झाला आहे, घोडासुद्धा चालेल. मधे आम्ही लाल फडकी रोवली आहेत. तेवढ्या जागेला वळसा घालावा. त्या फडक्यांच्या आत कुठेतरी एशिम आहे.

रडकीने येऊ नये. २८ पासून वारा फिरला, आता पूर्वेचा आहे. मागे मी ती घळ चांगली आहे असं लिहिलं होतं, ते तेव्हा खरं होतं. आता तिच्यात कमरेएवढा नवा बर्फ साचला आहे. पातळ बर्फात साखर जास्तच पिकते, ती तिथे खाली होतीच, वर ओझं नव्हतं. आता ओझं आहे. काल मी नुसती काठावर उभी राहिले तर पायाखाली धप्प आवाज झाला आणि भेग वीस पावलं पळत गेली. तो आवाज आला की आमच्यातलं कुणी पुढे पाऊल टाकत नाही.

लांडगेघळ म्हणजे डावी. रडकी म्हणजे उजवी, आमची आठ नंबर. डावीने यावं.

आता कुबातचं. मागच्या पत्रात मी तुम्हाला पुन्हा खोटं सांगितलं. मला तेव्हाच कळलं होतं. त्याला काढलं तेव्हा मी पलीकडच्या माणसांबरोबर तिथे होते. त्याच्या उजव्या हाताची बोटं टोकाला सोलली होती. तोंडासमोर त्याने ओंजळीएवढी जागा खरवडून मोकळी केली होती. घसरगाडी गावात यायच्या आधी मी माझे हातमोजे त्याच्या हातात घातले. तुम्ही विचारलंत, हे बायकी मोजे कुठले. मी म्हटलं, निघताना घाईत माझे घेतले असतील. प्रेत धुणाऱ्या माणसांची मी गयावया केली, अपाला सांगू नका. त्यांनी सांगितलं नाही. पाव तास नव्हे, अपा. डॉक्टरने दोन तास तरी म्हटलं होतं.

मी खाली येणार नाही. शेरमात आला तर त्याला फावडं देईन, तो नाही म्हणणार नाही. तो वाईट नाही.

वर लिहिलंय त्यातला एकही शब्द खोटा नाही. शेरमातला वाचून दाखवा.

नासिपा


हे पत्र ३ मार्चला दुपारी गावात पोचलं. उलकानने ते दोनदा वाचलं आणि कुणालाही वाचून दाखवलं नाही. शेरमातने विचारलं, "वहिनी काय म्हणते? कुठून येऊ?"

"डावीने ये म्हणते," उलकान म्हणाली. "म्हणजे तू उजवीने जा. मी तिच्या जागी असते तर मीही डावीच लिहिली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शेरमात रडकीत शिरला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी घळ क्रमांक आठ सुटली. स्टेशनाच्या वहीत ती वेळ नासिपाच्या अक्षरात आहे.